रासायनिक गळतीत पहिला अर्धा तास गावाचाच असतो

मुरगाव तालुक्यातल्या एका पंच सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गावाच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगाने टँकरांचा रस्ता जातो. गॅस सुटला तर पंचायत काय करणार, असं ग्रामसभेत लोकांनी विचारलं. सचिवांनी उत्तर दिलं की हे काम जिल्हाधिकाऱ्यांचं आहे, त्यांच्याकडे आराखडा तयार आहे. पंच लिहितात, "आमच्याकडे एक सचिव, दोन कारकून आणि कचऱ्याची एक गाडी. आम्ही खरंच काही करू शकतो का, की हा नुसता कागद होईल? आणि कायद्याने आमचा हक्क कुठपर्यंत?"

नमस्कार. सचिवांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे कारखान्याच्या कुंपणाच्या आतला आराखडा कारखानदाराने करायचा असतो. कुंपणाबाहेरचा, ज्याला या क्षेत्रात सगळे ऑफ-साइट प्लॅन म्हणतात, तो जिल्हा पातळीवर कारखानदारांशी सल्लामसलत करून तयार होतो. तिथपर्यंत ठीक. पण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात 'स्थानिक प्राधिकरण' या व्याख्येत पंचायतही येते, आणि त्याच कायद्याचं ३२ वं कलम स्थानिक प्राधिकरणांना आपापला आराखडा करायला सांगतं. ४१ व्या कलमात आपल्या माणसांना प्रशिक्षण देणं आणि साधनं सज्ज ठेवणं ही कामं सरळ तुमच्यावर टाकली आहेत. म्हणजे पंचायतीने हात वर करावेत अशी सोय कायद्यात नाही.

मी कारखान्यांच्या सुरक्षेत आणि पुढे अशा आराखड्यांच्या कामात बरीच वर्षं घालवली. जिल्ह्याच्या आराखड्यात रसायनाचं नाव असतं, साठा असतो, गॅस किती अंतरापर्यंत पोचेल याची वर्तुळं असतात, अग्निशमन दल कुठून निघेल हे असतं. तुमच्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसं कोणत्या घरात आहेत, रात्रपाळीचे कामगार दिवसा कुठल्या खोल्यांत झोपतात, वरच्या वाड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, जाणारी वाट पावसाळ्यात चिखलाने बंद होते का, हे त्यात नसतं. ते तिथे असूही शकत नाही. बंब, पोलीस, मामलेदार, कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाचे अधिकारी पोचेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळेपुरती सगळी व्यवस्था गावाची असते. म्हणून तुमचा आराखडा त्या पहिल्या अर्ध्या तासाचाच करा. त्यापुढचं लिहायला बसलात तर पानं वाढतील आणि नेमकं हेच राहून जाईल.

उदाहरण तुमच्याच तालुक्यातलं आहे. १९ जानेवारी २०१८ रोजी, उजाडायच्या बऱ्याच आधी, चिखलीला महामार्गावर अमोनियाचा टँकर उलटला. आसपासच्या लोकांना झोपेतून उठवून घराबाहेर काढावं लागलं, श्वास घेता येईना म्हणून दोन महिलांना इस्पितळात न्यावं लागलं. अपघात कारखान्यात झाला नव्हता. बंदर आणि कारखाना यांच्यामधल्या सार्वजनिक रस्त्यावर झाला होता, आणि तिथे कुंपण नसतं, सायरन नसतो, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी नसते.

वेळेकडेही लक्ष द्या. भोपाळची घटना २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीची. विशाखापट्टणमच्या कारखान्यातून स्टायरीन या रसायनाची विषारी वाफ सुटली ती ७ मे २०२० च्या पहाटे, त्यात १२ माणसं दगावली. नंतरच्या चौकशीत दिसलं की कारखान्यातला धोक्याचा सायरन वाजवलाच गेला नव्हता. चिखलीही पहाटेचीच. रात्री माणसं झोपेत असतात एवढंच कारण नाही. रात्रीची हवा स्थिर असते. दिवसा उन्हाने तापलेली जमीन हवा ढवळत राहते आणि गॅस पातळ होत जातो. रात्री तो जमिनीलगत दाटच राहतो आणि लांबवर जातो. त्यातून गोव्याची किनारपट्टी: दुपारी खारे वारे समुद्रावरून आत येतात, रात्री मतलई वारे आतून समुद्राकडे जातात, पावसाळ्यात हे सगळं बाजूला ठेवून नैऋत्येचा वारा चालतो. जिल्ह्याच्या आराखड्यातल्या नकाशावर वाऱ्याचा एकच बाण काढलेला असेल, तर तो बाण कोणत्या वेळेचा हे विचारा. तुमच्या गावासाठी निदान तीन हवेत: हिवाळी दुपार, हिवाळी रात्र आणि पावसाळा. गावातल्या रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारलंत तर ते वेधशाळेच्या आकड्यांपेक्षा नेमकं सांगतील, कारण टेकडीच्या आडोशाने आणि खाडीच्या वळणाने वारा कुठे फिरतो हे त्यांच्या रोजच्या कामाचं आहे.

आता धोका कुठे कुठे आहे ते. लोक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्याकडे बोट दाखवतात, आणि ते चुकीचं नाही. जून २०२२ मध्ये जुवारीनगरच्या खत कारखान्यात झालेल्या स्फोटात तीन कामगार गेले. १० जानेवारी २०२३ रोजी पिळर्ण औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा धुरामुळे आजूबाजूच्या लोकांना घरं सोडावी लागली. पण ज्यांचा विचार फारसा कुणी करत नाही अशी ठिकाणंही तुमच्या यादीत हवीत. १९८९ च्या नियमांत प्रत्येक रसायनाला साठ्याची मर्यादा दिलेली आहे. अमोनियाला ६० टन, क्लोरीनला १० टन. साठा तेवढा किंवा त्याहून जास्त असेल तर कारखाना 'मोठ्या अपघाताचा धोका' या वर्गात येतो, आम्ही त्यांना एमएएच युनिट म्हणतो, आणि मग ऑफ-साइट प्लॅन वगैरे सगळं त्याला लागू होतं. बर्फाच्या कारखान्यात किंवा मासळीच्या शीतगृहात अमोनिया असतो एखाद-दोन टन, फार तर आणखी थोडा. पाणी शुद्धीकरणाला लागणारा क्लोरीनचा मोठा सिलिंडर ९०० किलोचा. असे चार-पाच सिलिंडर असले तरी साठा मर्यादेच्या आतच राहतो. कागदावर ही ठिकाणं लहान. पण जेट्टीजवळच्या दाट वस्तीत बर्फाच्या कारखान्याचा पाइप फुटला तर त्या दोन टनांनी वाडा रिकामा करावा लागेल. जिल्ह्याच्या आराखड्यात यातलं बरंचसं येत नाही, म्हणून ते तुमच्या आराखड्यात आलंच पाहिजे. वसाहतीच्या बाहेरच्या आस्थापनांचे परवाने पंचायतीच्याच दप्तरात असतात, तिथून सुरुवात करा. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: कोणतं रसायन, जास्तीत जास्त किती, आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस कोण.

जमिनीखालच्या वाहिन्याही विसरू नका. जानेवारी २०२४ मध्ये माटवे-दाबोळीला भूमिगत इंधनवाहिनीतून गळती होऊन लोकांच्या विहिरींत पेट्रोल उतरलं. तिथे ना सायरन वाजला, ना धूर दिसला. विहिरीच्या पाण्याला वास आला तेव्हा लोकांना कळलं. किनाऱ्यावरच्या पंचायतींसाठी समुद्राकडूनही धोका आहे: ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजार टनांहून जास्त नाफ्था (पेट्रोलसारखा पटकन पेटणारा द्रव) पोटात असलेलं, खलाशी नसलेलं जहाज मुरगाव बंदरातून वाहत येऊन दोनापावलाजवळच्या खडकांत अडकलं होतं, आणि तो नाफ्था बाहेर काढेपर्यंत डिसेंबर उजाडला.

हक्काचं म्हणाल तर माझ्या मते तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं साधन म्हणजे १९९६ चे रासायनिक अपघात नियम. त्यात केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट सांगितले आहेत. औद्योगिक पट्ट्यासाठीच्या स्थानिक गटाचे अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी, सदस्य सचिव कारखाने निरीक्षक. कारखान्यांचे आणि रसायन वाहतूकदारांचे प्रतिनिधी, अग्निशमन अधिकारी, पोलीस निरीक्षक, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी, गावचा सरपंच किंवा लोकांचा नेता, स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक, परिसरातले दोन डॉक्टर, समाजसेवक, अशी सगळी मंडळी त्यात बसवलेली आहेत. या गटाने महिन्यातून एकदा बसायचं, सहा महिन्यांतून निदान एकदा पूर्ण तालीम घ्यायची, आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. नियम तुमच्या बाजूने इतका स्पष्ट आहे. तेव्हा पंचायतीने ठराव घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना लिहावं: आमच्या पट्ट्याच्या स्थानिक आपत्ती गटावर गावातर्फे कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, शेवटची तालीम कधी झाली, इतिवृत्ताची प्रत द्या. भाषा नम्र ठेवा, पण पोच घ्या.

दुसरं, १९८९ च्या नियमांतला १५ वा नियम. अपघात झाल्यास ज्यांना झळ बसू शकते त्या कुंपणाबाहेरच्या माणसांना धोका काय आहे आणि अशा वेळी काय करावं, काय करू नये, हे सांगणं कारखानदारावर बंधनकारक आहे. हे तो थेट सांगेल किंवा जिल्हा प्राधिकरणामार्फत. म्हणजे तुम्ही माहिती मागता तेव्हा उपकार मागत नाही. कारखान्याचे लोक सुरुवातीला "हे गोपनीय आहे" म्हणतील. उत्पादनाची कृती गोपनीय असू शकते, टाकीत काय आहे आणि ते सुटलं तर डोळ्यांना काय होतं हे गोपनीय नसतं. माझा अनुभव असा की कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला बहुतेक वेळा बोलायचं असतं, वरून परवानगी नसते. पंचायतीचं अधिकृत पत्र हातात आलं की त्यालाही आत बोलायला आधार मिळतो.

गोव्यातल्या लोकांनी नको असलेल्या कारखान्याविरुद्ध लढून दाखवलेलं आहे. फोंड्यातल्या केरीचा नायलॉन प्रकल्प नव्वदच्या दशकात लोकांनी होऊ दिला नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या, गावातलीच मुलं जिथे कामाला जातात अशा कारखान्याबरोबर दर महिन्याला बसून फोन नंबर तपासत राहणं हे वेगळ्या जातीचं काम आहे. त्यात घोषणा नाहीत आणि फोटोही येत नाहीत. ते काम करणारी दोन-तीन चिवट माणसं गावात शोधा, निवडून आलेलीच असली पाहिजेत असं नाही.

आता आराखड्यातला खरा अवघड प्रश्न: घरात थांबायचं की बाहेर पडायचं? हा निर्णय त्या रात्री घ्यायचा नसतो, तो आज घेऊन ठेवायचा असतो. लोकांच्या मनात गॅस म्हणजे पळ, हे पक्कं बसलेलं आहे. अमोनिया किंवा क्लोरीन सुटला आणि ढग वस्तीवर आलेला असेल, तर बाहेर पळणारा माणूस त्या ढगातच श्वास घेत, धावण्यामुळे जोरजोरात श्वास घेत, पळत असतो. अशा वेळी बंद खोलीत थांबणं बहुधा जास्त सुरक्षित. उलट एलपीजी, पेट्रोल, नाफ्था यांची वाफ पसरली असेल तर बंद घरात थांबणं धोक्याचं, कारण ती वाफ सखल भागात साचते आणि एका ठिणगीने पेटते. तिथे दिवे चालू-बंद न करता, गाडी सुरू न करता, पायी वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, आणि वीज खात्याला फोन करून त्या भागाचा पुरवठा बाहेरून बंद करायला सांगायचं. पेटतं पिंप किंवा आगीने वेढलेली टाकी असेल तर लांब जाणं एवढंच उत्तर.

"घरात थांबा" म्हणताना घर कसं आहे हेही बघा. आपल्या जुन्या कौलारू घरांत हवा कौलांमधून खेळते, ते सुख रोजचं असलं तरी गॅसच्या वेळी ते घर बंद होतच नाही. अशा घरांतल्या लोकांसाठी शेजारचं स्लॅबचं घर आधीच ठरवून ठेवा, आतली, कमी खिडक्यांची खोली ठरवा. एसी आणि एक्झॉस्ट पंखे बंद, दाराखालच्या फटीत ओली चादर, नाकातोंडावर ओला कपडा. अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो म्हणून या ओल्या कपड्याचा उपयोग खरा आहे. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, तेव्हा तळमजल्यापेक्षा वरचा मजला बरा. अमोनिया हवेपेक्षा हलका असं शाळेत शिकवतात आणि ते वायूपुरतं खरंही आहे, पण टँकरमधला अमोनिया दाबाखालचा द्रव असतो. तो बाहेर पडतो तेव्हा उणे ३३ अंशांच्या आसपासचं थंड पांढरं धुकं होऊन आपल्या दमट हवेत जमिनीलगत सरकतो. "तो वर जाईल" या भरवशावर कुणी गंमत बघत उभं राहू नये. आणि मदत म्हणून नळी लावून सांडलेल्या अमोनियावर पाणी मारायला कुणी धावू नये. द्रव अमोनियाला पाणी लागलं की तो आणखी जोरात उकळतो. अग्निशमन दल पाण्याचा पडदा धरतं तो ढगावर, सांडलेल्या द्रवावर पाणी मारत नाही, आणि ते त्यांचं शिकलेलं काम आहे.

लोकांना कळवायचं कसं? कारखान्याचा सायरन लोक ओळखत नाहीत. पाळी बदलतानाही भोंगा वाजतो, त्यामुळे कान सरावलेले असतात. तुमच्याकडे देवळाचा लाउडस्पीकर आहे, चर्चची घंटा आहे, कचऱ्याच्या गाडीवरचा भोंगा आहे, भल्या पहाटे गावभर फिरणारा पोदेर, म्हणजे पाववाला, आहे. देवस्थान समिती आणि फादर यांच्याशी बोलून एक ठरलेली खूण पक्की करा, आणि घोषणेची वाक्यं आधीच लिहून ठेवा. अशी: "अमोनियाची गळती झाली आहे. घरात जा. दारं-खिडक्या लावा. एसी बंद करा. ओला कपडा नाकावर धरा. शाळेकडे जाऊ नका. दहा मिनिटांनी पुन्हा सांगू." एवढंच. कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड, चारही भाषांत छापून माइकशेजारी चिकटवा. भाड्याच्या खोल्यांत राहणारे ओडिशा, बिहार, कर्नाटकातले कामगार ग्रामसभेला येत नाहीत, व्हॉट्सअॅप गटावरही नसतात, आणि बहुतेक वेळा वसाहतीच्या कुंपणाला सगळ्यात जवळ तेच राहतात. त्यांच्या खोल्यांची यादी घरमालकांकडून घ्या.

घोषणेत शाळेचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. दिवसा अपघात झाला तर गॅसच्या आधी रस्ता अडवतात ते पालक, दुचाकी घेऊन शाळेकडे धावणारे. मग बंब अडकतो आणि पालकही ढगात सापडतात. हे काळजीपोटी होतं, दटावून थांबणार नाही. मुख्याध्यापकांबरोबर आधी ठरवा की मुलं कोणत्या वर्गांत बंद करून बसवायची, एकच शिक्षिका पालकांच्या गटावर दर दहा मिनिटांनी संदेश टाकेल, मुलांना फक्त ठरलेल्या दुसऱ्या जागेवर सोपवलं जाईल. वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत हे समजावून सांगितलं तरच त्या दिवशी पालक विश्वास ठेवतील.

जमण्याच्या जागा दोन हव्यात, गावाच्या दोन विरुद्ध टोकांना. एकच फुटबॉल मैदान ठरवलंत आणि वारा नेमका तिकडेच वाहत असला तर माणसांना गॅसच्या तोंडी नेल्यासारखं होईल. बऱ्याच गावांत बाहेर पडायचा मोठा रस्ता कारखान्याच्या फाटकावरूनच जातो. तसं असेल तर मागची पाणंद किंवा शेतातली वाट साफ ठेवणं हे तुमच्या पुढच्या अंदाजपत्रकातलं काम समजा. आणि प्रत्येक वॉर्डात अशा माणसांची यादी, ज्यांना उचलून न्यावं लागेल किंवा ज्यांना ऑक्सिजन लागतो. यादीपुढे ज्याने त्यांच्याकडे जायचं त्या शेजाऱ्याचं नाव लिहा. संस्थेचं नाव लिहिलंत तर कुणीच जाणार नाही. आपदा मित्र हे सरकारी आपत्ती-स्वयंसेवक प्रशिक्षण घेतलेली मुलं गावात असतील तर त्यांना या यादीवर जोडा. आशा सेविका आणि अंगणवाडी ताईंकडे ही माहिती निम्मी तयार असते.

टँकरबद्दल थोडं. घातक माल नेणाऱ्या वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक पाटी लागते. तिच्यावर रसायनाचं नाव, चार आकड्यांचा संयुक्त राष्ट्र क्रमांक, धोक्याचं चौकटचिन्ह आणि आपत्कालीन फोन नंबर असतो. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, १८३० सल्फ्यूरिक आम्ल. रस्त्यालगतच्या गाडेवाल्यांना, रिक्षावाल्यांना, पंचायतीच्या कामगारांना हे पाच आकडे पाठ असावेत. ११२ किंवा १०१ ला फोन करताना "टँकर पलटी झालाय" याऐवजी "पाटीवर १००५ आहे, पांढरा धूर खाडीच्या दिशेने जातोय, चालक आत आहे" असं सांगितलं तर बंब योग्य बाजूने आणि योग्य सामान घेऊन येतो. पाटी लांबून वाचायची, मोबाईलचा कॅमेरा मोठा करून. जवळ जायचं नाही, वारा जिकडे वाहतोय त्या अंगाला उभं राहायचं नाही. आणि तुमचे स्वयंसेवक सगळ्यात आधी एकच गोष्ट करतील: दोन्ही बाजूंची वाहतूक लांबच अडवून उलटी फिरवणं. व्हिडिओ काढायला जमणारी गर्दी ही चिखलीसारख्या अपघातात पुढच्या जखमींची रांग असते.

आगीच्या पाण्याचा विषय आराखड्यांत हमखास सुटतो. रंग, सॉल्व्हंट किंवा कीटकनाशकांच्या गोदामाला आग लागली की लाखो लिटर पाणी मारलं जातं, आणि ते सगळं विष घेऊन उताराने निघतं. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळच्या गोदामाची आग विझवताना असंच पाणी ऱ्हाईन नदीत गेलं आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. आपल्याकडे वसाहती पठारांवर आहेत आणि खाली शेतं, विहिरी, खाजनं (बांध घालून खाडीच्या भरतीपासून राखलेल्या सखल जमिनी). पठारावरचा नाला कोणत्या शेतात उतरतो हे शेतकऱ्याला माहीत असतं, ते नकाशावर काढा. खाजनाच्या मानशीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी कोण उघडतो-बंद करतो, त्याचा नंबर तुमच्या यादीत हवा. ओहोटीला मानस उघडी असेल तर विष सरळ जुवारी नदीत जाईल. वेळेवर बंद केली तर ते एका तुकड्यात अडवता येईल. त्या तुकड्यातल्या शेतकऱ्याचं नुकसान होईल हे खरं आहे, आणि म्हणून हा निर्णय कुळ संघटनेबरोबर आधी बसून, भरपाईचं बोलून घ्यायचा. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुने घेऊन मोकळीक देईपर्यंत उतारावरच्या विहिरींचं पाणी बंद, टँकरने पाणी, हेही त्याच बैठकीत.

इस्पितळाबद्दल डॉक्टरांशी दोन गोष्टी बोलून ठेवा. रसायन अंगावर पडलेल्या माणसाचे कपडे आधी उतरवून भरपूर पाण्याने धुवायचं, डोळे निदान पंधरा मिनिटं, आणि मगच रुग्णवाहिकेत, नाहीतर १०८ ची माणसं आणि इस्पितळातला कक्ष दोन्ही बाधित होतात. दुसरं, क्लोरीनचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, फुप्फुसांत पाणी भरतं. "आता बरं वाटतंय" म्हणणाऱ्याला घरी पाठवू नये. चिखलीचं उपजिल्हा इस्पितळ जवळचं असलं तरी वारा त्याच दिशेने असेल तर रुग्ण मडगावला किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्यायचे, हे आधी लिहिलेलं असावं.

आणि नंतरचं एक काम, जे पंचायतच नीट करू शकते. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली बाधितांना तातडीची मदत मिळते, त्यासाठी कारखानदाराचा दोष सिद्ध करावा लागत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, मुदत घटनेपासून पाच वर्षं. पण कोण कुठे होतं, कुणाला काय झालं, कुणाची गुरं गेली, याची नोंद त्याच आठवड्यात घरोघर जाऊन, डॉक्टरांच्या कागदांसह झाली नाही तर पुढे काहीच दाखवता येत नाही. सचिवांना एक छापील तक्ता आजच तयार करून ठेवायला सांगा.

सुरुवात कुठून, असं विचाराल तर पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या, जिल्हाधिकाऱ्यांना आणि निरीक्षणालयाला पत्र द्या, आणि उत्तराची वाट बघत न बसता रसायनांची आणि माणसांची यादी सुरू करा. दोन महिन्यांत एवढं होतं. मग कारखान्याच्या सहा महिन्यांच्या तालमीला पंचायतीचे चार लोक निरीक्षक म्हणून येतील असं कळवा. कारखान्याची तालीम सहसा सकाळी अकराला, सगळ्यांना आधी सांगून, फाटकाच्या आत होते. तुम्ही गावाची पहिली तालीम एका वॉर्डापुरती, संध्याकाळी अंधार पडल्यावर घ्या. लोक घाबरू नयेत म्हणून आठवडाभर आधी सांगा, पण वेळ सांगू नका. घड्याळ लावून बघा: पहिल्या फोनपासून लाउडस्पीकर सुरू व्हायला किती मिनिटं लागली, चावी कुणाकडे होती, शेवटच्या भाड्याच्या खोलीपर्यंत निरोप पोचला का, त्या आजींच्या घरी ठरलेला शेजारी गेला का. जे अडलं ते दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या फळ्यावर लावा, दुरुस्त करा, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत दुसरा वॉर्ड घ्या.